शाकारणी

वैशाख सरत आला, अढीतले आंबे संपत आले आणि दुपारच्या वाऱ्यात दमटपणा जाणवू लागला, की आपल्या किनारपट्टीवरील गावांत पूर्वी एक शब्द घरोघरी ऐकू येई : आगोट. आगोट म्हणजे पावसाळ्याचा उंबरठा. सुकी मासळी डब्यांत भरून ठेवायची, जळाऊ लाकडे पडवीत रचायची, मीठ, कांदे, मसाला यांची चार महिन्यांची बेगमी करायची आणि घर शाकारायचे. मृगाचा पहिला पाऊस कोसळण्याआधी ही सर्व कामे आटोपलीच पाहिजेत, असा त्या दिवसांचा दंडक होता.

यांतील 'शाकारणे' हे क्रियापद आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसे झाले आहे. छपरावरील जुना पेंढा काढून नवा घालणे, कौले उतरवून, झाडून पुन्हा रचणे, फुटकी बदलणे, कुजलेली रीप काढून नवी ठोकणे, या सर्वांना मिळून शाकारणी हा एकच शब्द होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कौलारू घरांच्या जागी स्लॅबचे बंगले आले, सदनिकांच्या इमारती आल्या. कौले गेली आणि त्यांच्यासोबत शब्दही गेला. त्याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. भाषेत असे होतच असते. परंतु शब्दासोबत एक शहाणपणही आपल्या हातून निसटले आहे आणि त्याविषयी मात्र थोडे बोलावेसे वाटते.

ते शहाणपण असे. शाकारणी ही मोडल्यानंतर करावयाची दुरुस्ती नव्हती. घर गळते आहे की नाही, हा प्रश्नच तेथे नव्हता. तिला तिथी होती. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेण्यापूर्वी आपण 'यंदा मला पश्चात्तापाची गरज आहे काय?' असे स्वतःला विचारत बसत नाही. दिवस येतो आणि आपण उठून वेदीपुढे जातो. छपराचेही तसेच होते. आगोट आली की माणसे शिडी काढीत. माझ्या लहानपणी त्या दिवशी वडील छपरावर चढत आणि आई माजघराची दारे-खिडक्या लावून अंधार करी. त्या अंधारात मान वर करून पाहिले की जेथे उजेडाचा ठिपका दिसे, तेथे कौल सरकलेले किंवा तडकलेले असे. आई खालून बांबूच्या काठीने तेथे टकटक करी आणि त्या आवाजाच्या अनुरोधाने वडील वरून नेमके ते कौल शोधून काढीत. गळती कोठे आहे, हे पाण्याने दाखविण्याआधी ते उजेडाकडून विचारून घेण्याची ही रीत होती.

आज घराच्या डागडुजीला अशी तिथी राहिलेली नाही. ती आपण आपल्या इच्छेवर आणि सवडीवर सोपविली आहे. आणि सवड ही अशी पाहुणी आहे, की ती कधी येणार हे कळवीत नाही.

*

लहान काम लांबणीवर टाकले म्हणजे नेमके काय घडते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. ज्यांना आपण मंगळुरी कौले म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूर येथे बाझेल मिशनतर्फे सुरू केला. या कौलांची खुबी त्यांच्या कडांमध्ये आहे. प्रत्येक कौलाची एक कड शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते आणि पोटाकडील खुंटी रिपेला अडकते. कोणतेही कौल एकटे नसते. ते चार शेजाऱ्यांच्या आधाराने असते आणि चार शेजाऱ्यांना आधार देते.

आता समजा, नारळाची झावळी पडली आणि एक कौल चार बोटे सरकले. पहिल्या पावसाळ्यात पाणी खालच्या रिपेवर पडते. घरात काहीच दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात रिपेचा खिळा गंजतो, रीप किंचित वाकते आणि तिच्यावरची आणखी दोन कौले आपली जागा सोडतात. मग पाणी वाशाच्या पोटाला धरून उताराने निघते आणि जेथे वासा भिंतीवर टेकलेला असतो तेथे जाऊन मुरते. म्हणून पुष्कळदा भोक असते एका खोलीवर आणि ओल दिसते दुसऱ्याच खोलीत. वाशाचे ते टोक चार महिने ओलेच राहते. ओल्या लाकडाला बुरशी धरते आणि दमट भिंतीतून मातीची नळी बांधत वाळवी वर चढते. एवढे सगळे होईपर्यंत घरातल्या माणसांना काय दिसत असते? भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा, चहाच्या रंगाचा एक डाग.

पहिल्या वर्षी काम एका कौलाचे होते. दुसऱ्या वर्षी ते रिपेचे झाले, चौथ्या वर्षी वाशाचे आणि त्यानंतर भिंतीचे. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण पडत्या काळात पाठ फिरविणाऱ्या माणसांविषयी वापरतो. परंतु वाशांना उगाच दोष देण्यात अर्थ नाही. ते फिरण्यापूर्वी कोणीतरी कौलाकडे पाठ फिरविलेली असते.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनीही आपण यातून सुटलो, असे समजू नये. गच्चीला पडलेल्या केसाएवढ्या भेगेतून पाणी झिरपत आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोहोचते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. काँक्रीटच्या आत तेवढी जागा नसल्यामुळे तो भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. छताला फुगवटा येतो, गिलाव्याचे पोपडे पडतात. आपण काय करतो? नाताळ जवळ आला म्हणून रंगारी बोलावतो. डाग झाकला जातो. रंगाच्या आड सळई गंजतच असते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर हे अधिकच लवकर घडते. भेग बुजविणे हे एका दुपारचे काम असते. सळया उघड्या पडल्यावर मात्र छताला टेकू लावून महिनोन्महिने घर उकरावे लागते.

आणि गळणाऱ्या नळाचा हिशोब तर शाळेतील मूलही मांडू शकेल. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी वाहून जाते. नळातला वॉशर काही रुपयांना मिळतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे आपण मुलांना बचत शिकविण्यासाठी सांगतो. तेच तळे उलट्या दिशेनेही साचत असते.

*

मग आपण ही कामे का टाळतो? घरोघरी आशीर्वाद देण्यासाठी फिरताना जी उत्तरे कानी पडतात, ती थोडीच आहेत आणि सगळीकडे सारखी आहेत.

पहिले उत्तर, 'एवढ्याशा कामासाठी मिस्त्री येत नाही.' यात तथ्य आहे. ज्याला दिवसाची पूर्ण मजुरी मिळते, तो अर्ध्या तासाच्या कामासाठी दुचाकी काढून कशाला येईल? दुसरे उत्तर, 'पुढे मोठे काम काढायचेच आहे, त्यात हेही होऊन जाईल.' सर्वांत घातक उत्तर हेच. कारण ते आळशी माणसाचे नसून योजना आखणाऱ्या माणसाचे असते आणि म्हणून ऐकायला शहाणपणाचे वाटते. मोठे काम मुलीच्या लग्नापर्यंत थांबते, लग्नानंतर कर्ज फिटेपर्यंत थांबते. भेग मात्र कोणासाठीही थांबत नाही. तिसरे उत्तर कोणी शब्दांत देत नाही, पण ते डोळ्यांना दिसते : सवय. गळतीखाली ठेवलेली बादली पहिल्या दिवशी खुपते, आठवड्याने तिला वळसा घालून चालता येते आणि महिन्याने ती घरातले सामान होऊन जाते.

पैशाचे कारणही पुढे केले जाते. ज्यांच्या हाती खरोखरच पैसा नाही, त्यांच्याविषयी मी येथे बोलत नाही. विधवेने छपरावर प्लॅस्टिक अंथरून त्यावर विटा ठेवल्या असतील, तर ती तिची दिरंगाई नव्हे. दिरंगाई झालीच असेल, तर ती तिच्या शेजारची आणि आपल्या धर्मग्रामाची आहे. परंतु ज्या घरात लग्नाच्या मांडवाला, वाजंत्रीला आणि पंगतीला काही लाख सहज निघतात, त्याच घरात न्हाणीघराची फुटकी फरशी पाच वर्षे तशीच असते. मांडव सर्वांना दिसतो. फरशी फक्त घरातल्यांना दिसते. जे कोणी पाहणार नाही त्यावर खर्च करणे आपल्या जिवावर येते, हे खरे कारण आहे.

*

एका घराची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पूर्वी मी ज्या एका धर्मग्रामात होतो तेथील हे घर. जुने, कौलारू, ऐसपैस. वडील वारल्यावर दोघा भावांनी मधोमध विटांची भिंत घालून त्याचे दोन भाग केले. आई थोरल्याकडे जेवायची, धाकट्याकडे चहा प्यायची आणि मधल्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या जुन्या खाटेवर झोपायची. दोघेही भाऊ भले होते. रविवारची मिस्सा चुकवीत नसत आणि आईच्या औषधांत हयगय करीत नसत.

२००८ च्या पावसाळ्यात नारळाची झावळी पडून आढ्यावरचे काही कोने फुटले आणि त्यांच्या लगतची कौले सरकली. ती जागा नेमकी मधल्या भिंतीच्या डोक्यावर. थोरला म्हणाला, झाड धाकट्याचे आहे, त्याने दुरुस्त करावे. धाकटा म्हणाला, आढ्याची ती बाजू वाटणीत थोरल्याकडे आहे, त्याने पाहावे. भांडण असे झाले नाही. आवाजही चढले नाहीत. नुसते काम राहिले.

पाणी आईच्या खाटेच्या पायथ्याशी पडू लागले. तिने तेथे ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले. पुढच्या वर्षी खाट हातभर सरकविली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी हातभर. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी त्या घरी जात असे. पातेल्याचा तो टपटप आवाज प्रार्थनेच्या मधे येई. मी दोघा भावांना एकत्र बसवून बोललो. दोघांनीही मान डोलावली. 'हो फादर, पाऊस ओसरला की बघतो.' पाऊस ओसरला, छप्पर वाळले आणि छपराबरोबर विषयही वाळला.

पाचव्या पावसाळ्यात एका रात्री आई लघवीला उठली. पातेले भरून वाहत होते. ओल्या जमिनीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले.

रुग्णालयाचा खर्च दोन लाखांच्या घरात गेला. त्यात मात्र दोघा भावांनी वाद घातला नाही, निम्मा-निम्मा उचलला. ती घरी परतायच्या आदल्या दिवशी थोरल्याने मिस्त्री बोलावला आणि धाकटा त्याच्या हाताखाली वर चढला. मिस्त्रीने पाच कोने बदलले, तीन कौले सरळ केली. दीड तास लागला. मजुरी झाली सहाशे रुपये.

म्हातारी त्यानंतर चौदा महिने अंथरुणावर होती आणि मग प्रभूघरी गेली. एकदा ख्रिस्तप्रसाद दिल्यानंतर मी तिला विचारले, 'इतकी वर्षे तुम्ही मुलांना धारेवर का धरले नाही?' ती छताकडे पाहत म्हणाली, 'फादर, ते पाणी कोणाचं, हे पोरांना ठरवता येईना. मग मीच म्हटलं, माझं.'

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. लहान दुरुस्त्या टाळण्याचे नुकसान आपण नेहमी रुपयांत मोजतो : आज सहाशे, उद्या दोन लाख. तो हिशोब खरा आहे, पण अपुरा आहे. कारण टाळणारा एक असतो आणि किंमत भरणारा दुसरा. स्वयंपाकघरातली गळती तेथे दिवसाचे सहा तास उभी राहणारी स्त्री भोगते. न्हाणीघराची निसरडी फरशी घरातल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला येते. ओल लागून झिणझिण्या देणारा स्विचबोर्ड मोठी माणसे ओळखून असतात; त्याला हात लावते ते मूल. जो निर्णय घेऊ शकतो तो घराच्या कोरड्या भागात बसलेला असतो, आणि घराची ओल नेहमी त्या माणसापाशी जाऊन थांबते ज्याला 'माझं' म्हणण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

*

पवित्र शास्त्र या विषयाला क्षुल्लक मानीत नाही. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात आळसाने खचणाऱ्या छपराचा आणि सुस्त हातांमुळे गळणाऱ्या घराचा उल्लेख आहे. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात तर घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उमटले तर काय करावे, याचे सविस्तर नियम दिले आहेत. गंमत अशी, की पाहणीला यायचे आहे ते याजकाने. घरधन्याने त्याला कळवायचे; याजकाने येऊन भिंत पाहायची आणि घर सात दिवस बंद ठेवायचे. चट्टे पसरले असतील, तर तेवढेच दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही रोग परतला, तरच घर पाडायचे. या क्रमात मोठा विवेक आहे. आधी नजर, मग थोडी वाट, मग नेमका तेवढाच दगड. आपला क्रम नेमका उलटा असतो : आधी वर्षानुवर्षे डोळेझाक आणि मग एकदम पाडकाम.

२ राजे या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील कथा मला विशेष भावते, कारण ती माझ्याच धर्मबंधूंची आहे. योवाश राजाने याजकांना सांगितले होते, की लोकांकडून येणाऱ्या पैशातून मंदिराची मोडतोड दुरुस्त करा. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले, तरी याजकांनी दुरुस्ती केली नव्हती. पैसा येत होता, उपासना चालू होती, फक्त भिंती तशाच होत्या. शेवटी राजाने ते काम त्यांच्याकडून काढून घेतले. यहोयादा या याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. त्या पेटीतला पैसा थेट सुतार, गवंडी आणि पाथरवटांच्या हाती जाऊ लागला आणि काम पुरे झाले. ते कारागीर इतके सचोटीचे होते, की त्यांच्याकडे कोणी हिशोब मागत नसे.

या कथेत कोणाच्या भक्तीवर शंका घेतलेली नाही. उणीव होती ती दोन साध्या गोष्टींची : दुरुस्तीसाठी वेगळा काढलेला पैसा आणि तो पैसा ज्याच्या हाती थेट जाईल तो कारागीर. या दोन गोष्टी आल्या आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम मार्गी लागले.

*

हात थांबले की काय होते, हे पाहायचे असेल तर जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी जाऊन उभे राहावे. तेथील भव्य चर्च १६०२ साली बांधून पूर्ण झाले. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ, दरसाल कोसळणारा गोव्याचा पाऊस झेलीत ते उभे होते, कारण तेथे राहणारे मठवासी त्याची निगा राखीत होते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारच्या धोरणामुळे मठ रिकामा झाला. १८४२ साली चर्चचे छत कोसळले. सव्वादोनशे वर्षे आणि सात वर्षे! १९३१ साली दर्शनी भिंतीचा आणि मनोऱ्याचा भाग पडला. तेथील मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. आज ती ऐकताना ती कोणत्या घरातून आली, हे फार थोड्यांच्या मनात येत असेल. दगड बलवान होते, चुना उत्तम होता. नव्हते ते फक्त पावसाळ्याआधी वर चढून पाहणारे कोणी.

मुंबईत गिरगाव, माझगाव, भायखळा या भागांत आपली अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या जुन्या चाळींत राहिली. तेथे तर डागडुजी टाळण्याला कायद्याचाच हातभार लागला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना त्याने छप्पर मिळवून दिले, हे खरेच. पण मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालक थांबला आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू थांबला. पाणी कोणाचे, हा प्रश्न तेथेही सुटला नाही. १९६९ साली कायदा करून शासनाला अशा इमारतींसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ निर्माण करावे लागले.

आता आपल्यापैकी पुष्कळ जण गृहनिर्माण संस्थांमध्ये राहतात. या संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीची तरतूद आहे : सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी बाजूला काढायची. दहा लाख रुपये बांधकाम खर्च असेल, तर वर्षाला साडेसात हजार, म्हणजे महिन्याला सव्वासहाशे रुपये. यहोयादाच्या पेटीचाच हा आजचा अवतार. परंतु वार्षिक सभेत सर्वाधिक कुरकूर याच आकड्यावर होते. तळमजल्यावरचा सभासद म्हणतो, गच्चीच्या गळतीशी माझा काय संबंध? वरच्या मजल्यावरचा म्हणतो, गच्ची सर्वांची आहे. दोघांचेही म्हणणे ऐकत सळई गंजत राहते.

*

तेव्हा शाकारणीला पुन्हा तिथी द्यावी, एवढेच मला सुचवावयाचे आहे. मे महिना हा पवित्र मरियेच्या भक्तीचा महिना. घरोघरी रोझरी होते, कुटुंब संध्याकाळी एकत्र येते. त्यातली एक संध्याकाळ ठरवून रोझरीनंतर सर्वांनी मिळून घराला एक फेरी मारावी. मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. नळ, फरशा, दारांच्या बिजागऱ्या, विजेची बटणे, गच्चीचे पाणी वाहून जाण्याचे नळ, भिंतींचे कोपरे, सगळे पाहावे. आणि त्या फेरीत घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला आणि स्वयंपाकघर सांभाळणारीला आवर्जून विचारावे : 'तुम्हांला कोठे त्रास होतो?' कारण घरातल्या ओलीचा नकाशा त्यांनाच पाठ असतो. कागदावर उतरलेल्या कामांपैकी जी स्वतःच्या हाताने होतील ती त्याच आठवड्यात करावी. उरलेली वाडीतल्या चार घरांनी एकत्र करून एकाच दिवशी मिस्त्रीला बोलवावे. म्हणजे त्याला पूर्ण दिवसाची मजुरी मिळेल आणि 'एवढ्याशा कामासाठी कोण येतो' ही तक्रार उरणार नाही. एखादी छोटी पेटी घरातही ठेवता येईल. तिच्यातला पैसा मांडवाला वापरायचा नाही, एवढा नियम पुरे.

आणि धर्मग्रामातील तरुणांना एक विनंती. मृगाच्या आधीच्या दोन रविवारी आपल्या वाडीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विधवांची छपरे पाहून या. मात्र अनुभवी मिस्त्रीला सोबत घ्या आणि त्याच्या सांगण्यावाचून वर चढू नका. आपला प्रभू नाझरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता, हे मार्कने नोंदवून ठेवले आहे. लोकांच्या मोडक्या वस्तू त्याच्या हातांना परक्या नसतील.

दुरुस्तीने घर टिकते, हे तर झालेच. परंतु योवाशनंतर कित्येक वर्षांनी योशीया राजाच्या काळात मंदिराची पुन्हा दुरुस्ती निघाली, तेव्हा आणखी काही घडले. सुतार-गवंड्यांसाठी पैसा काढण्याची लगबग चालू असताना हिल्कीया या मुख्य याजकाला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो त्याच मंदिरात होता, पण लोकांना त्याचा विसर पडला होता. राजाने तो वाचून घेतला आणि आपली वस्त्रे फाडली. साऱ्या राष्ट्राचे जीवन त्यामुळे पालटले. कोणी ग्रंथ शोधायला गेले नव्हते. माणसे भिंती सावरायला निघाली होती.

आपल्या घरातही पुष्कळ काही असे हरवलेले असते. भाऊ भावाशी मनमोकळे बोलेनासा झालेला असतो. सुनेचे एखादे दुःख सासूला ठाऊक नसते. म्हाताऱ्या वडिलांना रात्री अंधारात चालण्याची भीती वाटते, हे मुलाला कधी कळलेले नसते. शिडी धरायला एक, वर चढायला एक, खालून कौल दाखवायला एक, अशी माणसे कामाला लागली, की या गोष्टी हळूहळू बोलण्यात येऊ लागतात. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते कौल हातात देता-घेता बोलता येते. यंदा मृग लागण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा.